यकृताचा कॅन्सर, रक्ताची वाट आणि केशोरीची मिरची

यकृतात गाठ निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाठ केवढी आहे? सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरणारे डॉक्टर मात्र आणखी एक गोष्ट बारकाईने बघत असतात. गाठीच्या बाजूने जाणारी रक्तवाहिनी मोकळी आहे, की तिच्यात काही शिरलंय? यकृताच्या कॅन्सरमध्ये पुढचं बरंचसं या एका प्रश्नावर ठरतं. लहानशी पण शिरेत घुसलेली गाठ ही मोठ्या पण जागच्या जागी राहिलेल्या गाठीपेक्षा जास्त जिवावर बेतू शकते.

२०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसं त्याने गेली. हे दोन आकडे इतके जवळ का, याचं मोठं उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. आणि गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, धान आणि लाल मिरची पिकवणाऱ्या केशोरीत बसून हे वाचणाऱ्याला यातल्या कितीतरी गोष्टी ओळखीच्या वाटतील. मिरचीवरची बुरशी आहे, गोंदणाची सुई आहे, गोठणगावची तिबेटी वसाहत आहे, आणि मुंबईत लढला गेलेला औषधाचा एक खटलाही आहे.

रक्त दोन वाटांनी

यकृताचं वजन जेमतेम दीड किलो. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, त्यातलं जवळजवळ पाव रक्त एकट्या यकृतातून जातं. मिनिटाला दीड लिटरच्या आसपास. त्यातलं तीनचतुर्थांश पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून येतं. जठर, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड यांच्याकडून गोळा झालेलं रक्त ही शीर थेट यकृतात आणून सोडते. आपण खाल्लेला भात, वरण, ठेचा आणि त्यांच्यासोबत पोटात गेलेलं भलंबुरं असं जवळपास सगळं आधी यकृतातून जातं. उरलेलं पाव रक्त यकृताची धमनी आणते.

नवल पुढे आहे. निरोगी यकृत मुख्यतः पोर्टल व्हेनच्या रक्तावर जगतं, तर कॅन्सरची गाठ जसजशी वाढते तसतशी धमनीकडून रक्त ओढायला लागते. एकाच अवयवात शेजारी शेजारी असूनही दोघांचा पुरवठा वेगळा!

हा फरक डोळ्यांनी दिसतो. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध सोडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात ते धमनीतून यकृतात पोचतं. त्या घडीला काढलेल्या फिल्मवर गाठ लख्ख झळकते आणि भोवतालचं यकृत अजून करडंच असतं. थोड्या वेळाने पोर्टल व्हेनमधून औषध आलं की चित्र उलटतं: यकृत उजळतं आणि गाठ काळपट पडते. सिरोसिस (व्रणांनी कडक झालेलं यकृत) किंवा हिपॅटायटिस बी विषाणूची जुनी लागण असलेल्या माणसात एक सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत हे दोन्ही बदल स्पष्ट दिसले, तर सुईने तुकडा न काढताच निदान पक्कं धरता येतं. बहुतेक कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय पान हलत नाही. हा मोठा अपवाद.

उपचारही याच फरकावर बेतलेला आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी सरकवत सरकवत गाठीला रक्त देणाऱ्या फांदीपर्यंत न्यायची, तिथेच केमोचं औषध सोडायचं आणि ती फांदी बुजवून टाकायची. गाठीची उपासमार होते. उरलेलं यकृत पोर्टल व्हेनच्या रक्तावर तग धरतं. या उपचाराला डॉक्टर ‘टेस’ म्हणतात. पण पोर्टल व्हेनच आधी गाठीने बुजवलेली असेल, तर धमनी बंद करणं धोक्याचं ठरतं, कारण मग यकृताच्या त्या भागाला रक्त द्यायला कुणीच उरत नाही. फिरून पुन्हा शिरेच्या प्रश्नाशीच आलो.

छिद्रांची वाहिनी

यकृतातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या शरीरातल्या इतर केशवाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या अस्तराला असंख्य छिद्रं असतात, साधारण १०० नॅनोमीटरची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. शिवाय इतर वाहिन्यांना अस्तराखाली जो घट्ट पापुद्रा असतो, तोही इथे जवळजवळ नसतो. रक्तातला पातळ भाग सरळ यकृतपेशींना भिडावा म्हणून ही सोय.

कॅन्सरची पेशी मात्र या छिद्रांच्या शंभर-दोनशे पट मोठी. ती अशी सहज पलीकडे जात नाही. आधी ती शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी ई-कॅडहेरिन नावाची प्रथिनं कमी करते आणि मोकळी होते. मग तिच्या अंगातून बारीक पाय फुटतात. त्या पायांच्या टोकांशी कोलॅजन विरघळवणारी विकरं बाहेर पडतात आणि वाहिनीच्या भिंतीला भोक पडतं. एकेका पेशीचं हे काम अतिशय चिवटपणे, तासन् तास चालतं.

आता शिरेत गेल्यावर पेशी कुठे जाणार? रक्त वाहतं त्या दिशेने, हे सरळ उत्तर. पोर्टल व्हेन तर यकृताकडे रक्त आणणारी शीर. मग गाठीतून निघालेल्या पेशी तिच्यात सापडतात कशा? जपानी शल्यचिकित्सकांनी नव्वदच्या दशकात काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा उलगडलं की गाठीभोवती जाड कवच तयार झालं की तिच्यातून रक्त बाहेर नेणाऱ्या नेहमीच्या शिरा दबून जातात. मग धमनीने जोरात आत आणलेलं रक्त बाहेर पडायला पोर्टल व्हेनच्याच बारीक फांद्या वापरतं, उलट्या दिशेने. पेशी या उलट्या धारेत पडतात, जवळच्या मोठ्या फांदीपर्यंत येतात आणि तिथून सुलट धारेबरोबर यकृताच्या दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन रुजतात. म्हणूनच यकृताच्या कॅन्सरचा पहिला प्रसार बहुतेकदा यकृतातच होतो. मोठ्या गाठीच्या आजूबाजूला दिसणाऱ्या वाटाण्याएवढ्या पिल्लांचं मूळ हेच.

काही वेळा पेशी सुट्या होऊन वाहत नाहीत. गाठच शिरेच्या आतून लांबत जाते. निदान होतं तेव्हाच पोर्टल व्हेनमध्ये अशी गाठ शिरलेल्या रुग्णांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ४० टक्के आढळलं आहे. शीर अडली की मागचं रक्त तुंबतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होतं. रक्ताची उलटी होऊन रुग्णाला मध्यरात्री गाडीत घालून न्यावं लागतं, ते अनेकदा या तुंबलेल्या शिरा फुटल्यामुळे.

आणि दुसऱ्या बाजूने, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनमध्ये गाठ शिरली, तर ती तिथून खालच्या महाशिरेत आणि महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सलग वाढत गेलेली सापडते. पोटातल्या आजाराचं टोक इकोकार्डिओग्राफीत हृदयात हलताना दिसतं.

न फोडताच आत

या सगळ्या माहितीतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट २०१५ मध्ये पुढे आली. चीनमधल्या ग्वांगचौ इथल्या सन यात-सेन विद्यापीठातले संशोधक यकृताच्या गाठींचे पातळ काप रंगवून बघत होते. रक्तवाहिनीचं अस्तर तपकिरी दिसेल असा रंग त्यांनी वापरला. बऱ्याच गाठींमध्ये वाहिन्या नेहमीप्रमाणे तुटक तुटक ठिपक्यांसारख्या दिसल्या. पण काही गाठींत तपकिरी रेषा पूर्ण वर्तुळं करत होत्या आणि प्रत्येक वर्तुळाच्या आत कॅन्सरच्या पेशींचा एकेक घोळका होता. सगळा काप अशा गोल गोल जाळीने भरलेला!

म्हणजे रक्तवाहिनीने घोळक्याला सगळीकडून वेढलेलं. अशा घोळक्याला भिंत फोडायची गरजच उरत नाही. तो अस्तरासकट तुटून, आयतं आवरण अंगावर घेऊन रक्तात जातो. पाय फुटणं नाही, शेजाऱ्यांना सोडणं नाही, विकरं नाहीत. त्यांनी या रचनेला वेटसी म्हटलं आणि ज्यांच्या गाठीत ती होती त्यांच्यात आजार लवकर पसरत होता हे दाखवलं. ही जाळी उभी करायला गाठीतून सुटणारं अँजिओपॉएटिन-२ हे प्रथिन लागतं; उंदरांमध्ये ते दाबलं तेव्हा जाळी विस्कटली आणि प्रसारही कमी झाला. कॅन्सर पसरतो तो भिंत पोखरूनच, ही वर्षानुवर्षांची समजूत त्या तपकिरी वर्तुळांनी अपुरी ठरवली.

रक्तात गेलेल्या बहुतेक पेशी मरतात

मरण पावलेल्या एका कॅन्सर रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी तरंगताना थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरने ऑस्ट्रेलियात १८६९ मध्ये पाहिल्या. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशींची ही पहिली नोंद. पण रक्त ही या पेशींसाठी फार वाईट जागा आहे. धारेचा जोर त्यांना फाडतो, प्रतिकारपेशी त्यांना गाठतात, कुठल्याच आधाराला चिकटून नसल्याने त्या आपोआपही मरतात. आयझेया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. दहा हजारांत एकीपेक्षाही कमी पेशींनी पुढे गाठ केली.

मग तरतात कोण? एक, ज्या रक्तातल्या प्लेटलेट अंगाला चिकटवून घेतात आणि त्यांच्याआड लपतात. दोन, ज्या घोळक्याने जातात. स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांमध्ये झालेल्या २०१४ च्या अभ्यासात पेशींचे घोळके एकट्या पेशीपेक्षा २३ ते ५० पट जास्त प्रसार करताना आढळले. वेटसीची जाळी एवढी घातक का, ते यावरून कळतं.

आणि उतरतात कुठे, हेही रक्ताच्या धारेवर सोडलेलं नसतं. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या आणि म्हटलं की कॅन्सरची पेशी बियाण्यासारखी सगळीकडे पडते, पण जमीन मानवेल तिथेच रुजते. केशोरीच्या कास्तकाराला यात काही नवं वाटणार नाही. पऱ्हे कितीही जोमदार असले तरी बांधीत चिखलणी बिघडली की रोवणी धरत नाही. यकृताच्या कॅन्सरला यकृताबाहेर सर्वांत जास्त मानवतात ती फुप्फुसं. त्यानंतर लसिका ग्रंथी, हाडं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी.

या नियमाची एक उलटी बाजू आहे. आतड्याचा, जठराचा, स्तनाचा कॅन्सर पसरला की यकृत हे त्याचं आवडतं ठिकाण. पण तेच यकृत सिरोसिसने कडक, व्रणांनी भरलेलं झालं असेल, तर दुसरीकडचा कॅन्सर तिथे क्वचितच रुजतो. स्वतःचा कॅन्सर मात्र त्याच सिरोसिसमध्ये सर्वांत जास्त होतो.

फिल्मवर न दिसणारा शिरकाव

शस्त्रक्रिया करून गाठ काढली, कडा मोकळ्या निघाल्या, स्कॅनवर शिरा स्वच्छ होत्या. तरीही पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या बारीक शिरेत पेशींचा पुंजका सापडतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण १५ पासून ५७ टक्क्यांपर्यंत आहे. दुर्दैव असं की हे खात्रीने कळतं ते शस्त्रक्रिया झाल्यावरच. असा शिरकाव सापडलेल्या रुग्णात आजार परतण्याची शक्यता वाढते, म्हणून पुढची दोन वर्षं तपासण्या अजिबात चुकवायच्या नसतात.

यकृत बदलण्याच्या बाबतीत तर शीर हीच सीमारेषा आहे. इटलीतल्या मिलान शहरात विन्चेन्झो माझाफेरो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नियम मांडला: एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत; दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत; आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. या मापात बसलेल्यांपैकी चार वर्षांनी ७५ टक्के जिवंत होते. त्याआधी यकृताच्या कॅन्सरसाठी प्रत्यारोपण करावं की नाही यावरच वाद होता. आज जगभर, आपल्याकडे मुंबई-पुण्यातही, हे मिलानचे नियम डॉक्टरांच्या तोंडी असतात.

मिरचीच्या पोटात

आता केशोरीच्या सातऱ्यावर या. तोडलेली लाल मिरची पसरलेली असते आणि देठ खुडणारे हात भराभर चालतात. एखादी फिकट, पांढुरकी पडलेली फटकी मिरची उचलून मधोमध फोडा. आत बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या पट्टीवर कधी कधी पिवळट-हिरवी भुकटी दिसते. ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असू शकते. अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तीच तयार करते. मिरची, भुईमूग, मका यांवर ती फार आवडीने वाढते. ओला राहिलेला धानही तिला चालतो.

हे विष पहिल्यांदा ओळखलं गेलं ते इंग्लंडमध्ये. १९६० साली तिथे टर्की जातीचे सुमारे एक लाख पक्षी पटापट मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरची बुरशी सापडली. आपल्या शेजारीही याने कहर केला होता. १९७४ मध्ये गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानमधल्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी तसाच साठवला आणि खाल्ला. दोनशेहून जास्त गावांत कावीळ पसरली. अभ्यासकांनी नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण गेले. त्या घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली, आणि त्यामुळेच ही साथीची कावीळ नसून अन्नातलं विष आहे हा संशय बळावला.

कमी मात्रेत वर्षानुवर्षं पोटात जाणारं अफ्लाटॉक्सिन दुसरंच काम करतं. यकृत त्याला निकामी करायला जातं आणि त्या खटपटीत असा एक पदार्थ तयार होतो, जो थेट पेशीच्या डीएनएला चिकटतो. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हा पी-५३ या रक्षक जनुकात २४९ क्रमांकाच्या एकाच जागी, एकाच प्रकारचा बदल वारंवार सापडला. गाठीत हा बदल दिसला की अफ्लाटॉक्सिनकडे बोट जातं.

आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर? शांघायमधल्या अभ्यासात केवळ अफ्लाटॉक्सिन पोटात गेलेल्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका सुमारे साडेतीन पट होता, केवळ विषाणू असलेल्यांना सुमारे सात पट. दोन्ही असलेल्यांना तो जवळजवळ ६० पट निघाला.

शिजवून, तळून, उकळून हे विष पुरेसं नाहीसं होत नाही, आणि एकदा मिरची दळली की तिखटात ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून जे करायचं ते वाळवण्याच्या वेळीच. उघड्या मातीऐवजी ताडपत्री, रात्रीच्या दवाआधी झाकण, आणि हलवली की आत बिया वाजतील इतकी खडखडीत वाळलेली मिरचीच पोत्यात भरायची. फटकी आणि बुरशीची मिरची वेगळी काढून टाकायची. स्वस्त तिखटात ती दळली जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. भुईमुगाचे सुरकुतलेले, काळपट दाणेही फेकून द्यावेत; कोंबड्यांनाही घालू नयेत.

विषाणूचा पत्ता

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. भारतातल्या तिबेटी निर्वासितांमध्ये हिपॅटायटिस बीचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आढळलं आहे आणि त्यांच्या आरोग्य विभागाने त्याविरुद्ध तपासणीच्या आणि लसीच्या मोहिमा घेतल्या आहेत. हा विषाणू सोबत बसल्याने, जेवल्याने, हात धरल्याने लागत नाही. तो आईकडून बाळाकडे प्रसूतीच्या वेळी जातो, रक्तातून, सुईतून आणि शरीरसंबंधातून जातो. पिढ्यान् पिढ्या आईकडून बाळाला मिळत गेल्यानेच एखाद्या समाजात तो टिकून राहतो.

वयाचा इथे विलक्षण खेळ आहे. जन्मताना लागण झाली तर ९० टक्के बाळांत विषाणू कायमचा राहतो. तोच धडधाकट प्रौढाला लागला तर ९५ टक्क्यांहून जास्त लोक काही महिन्यांत त्याला शरीराबाहेर घालवतात.

शरीराबाहेर हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून न उकळलेली सुई, मग ती इंजेक्शनची असो, कान टोचण्याची असो की गोंदणाची, एकाकडून दुसऱ्याकडे जाता कामा नये. गोंदण हा गोंड बायाबापड्यांचा अंगावरचा दागिना आहे आणि तो टिकावा. हवी आहे ती फक्त प्रत्येकीसाठी नवी सुई. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा इथे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांतून हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे जीव गेले. सिकलसेलमुळे ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, आणि आपल्या विदर्भात असे रुग्ण कमी नाहीत, त्यांनी तर ही लस नक्की घ्यावी.

विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लुमबर्ग त्याला शोधत नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तात काय फरक असतात हे बघताना १९६३ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना अनोळखी प्रथिन सापडलं. त्यातून पुढे विषाणू, तपासणी आणि लस निघाली. १९७६ चं नोबेलही. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो, कारण तो ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस. जर्मनीतल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या दातातही या विषाणूचा डीएनए मिळाला आहे.

दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेवर

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्या वाहिन्या फुटूच द्यायच्या नाहीत, या विचारातून आलेलं यकृताच्या कॅन्सरवरचं पहिलं परिणामकारक औषध म्हणजे सोराफेनिब. २००८ मध्ये छापून आलेल्या चाचणीत त्याने रुग्णांचं मधलं आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं. वाढ थोडी वाटेल. पण त्याआधी कुठल्याही गोळीने एवढंही साधलं नव्हतं.

भारतात बायर कंपनीच्या या औषधाची महिन्याची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने ते स्वस्तात बनवायची परवानगी मागितली आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला. नॅटकोची किंमत महिन्याला ८,८०० रुपयांपेक्षा जास्त नसावी आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा बायरला द्यावा, अशा अटी. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंतच औषध पोचत होतं, हे त्या निकालातलं एक मुख्य कारण. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निकाल कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. धानाच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घराला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या न्यायव्यवस्थेचा मला मनापासून अभिमान वाटावा असा हा निकाल आहे.

२०२० पासून वाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब आणि प्रतिकारशक्ती मोकळी करणारं अटेझोलिझुमॅब एकत्र देतात. सोराफेनिबपेक्षा ही जोडी सरस ठरली.

आणखी काही, भराभर

पोटातल्या बाळाचं यकृत अल्फा-फीटोप्रोटीन बनवतं आणि जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं. कॅन्सरची पेशी हे जुनं काम पुन्हा सुरू करते. मॉस्कोच्या गॅरी अबेलेव यांनी १९६३ मध्ये उंदरांत ते पकडलं. आज एएफपी नावाने रक्ततपासणीच्या कागदावर तेच छापलेलं असतं.

यकृताच्या या गाठी साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होतात. सिरोसिसच्या रुग्णाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात त्याचं हेच कारण.

कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कॅन्सर कमी आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये तशी नोंद केली. दारू, मोहाची असो की बाटलीतली, बरोबर उलटं करते.

उत्तर अमेरिकेतल्या वुडचक नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याला हिपॅटायटिस बीचा चुलतभाऊ लागतो. जन्मतः लागण झालेल्या जवळपास सगळ्या वुडचकांना पुढे यकृताचा कॅन्सर होतो. औषधांचे कितीतरी प्रयोग त्यांच्यावर झाले.

कॅन्सरपेशी शरीराबाहेर वाढवून त्यांची चाल बघण्याचं तंत्र भारतात रुजवणाऱ्यांत पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे अग्रणी. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या रणदिवे मुंबईला परतल्या आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पुण्याचीही एक कामगिरी. लहान मुलांच्या एका जीवघेण्या सिरोसिसमागे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधातलं तांबं असल्याचं डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांच्या अभ्यासातून पुढे आलं. भांडी बदलली आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला.

पहिले चोवीस तास

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. त्याआधी ६ ते १४ वर्षांच्या लाखभर मुलांमागे यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण ०.७० होतं, १९९०-९४ मध्ये ते ०.३६ वर आलं. एखाद्या लसीने कॅन्सर कमी होतो, याचा जगातला हा पहिला ठोस पुरावा. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि तिची किंमत खाली आली; २०११ पासून ती देशभराच्या लसीकरणात आहे.

बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मांडीत देतात तो ‘झिरो डोस’, नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून तीच लस. आईला लागण असेल तर बाळाला १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनही हवं, आणि विषाणू जास्त असेल तर आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. देशात सुमारे चार कोटी लोकांना हिपॅटायटिस बी असल्याचा सरकारचा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेकांना स्वतःला ते ठाऊक नाही. एचबीएसएजी नावाची ही तपासणी बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या एका थेंबावर होते आणि उत्तर अर्ध्या तासात मिळतं.